माथ्यावरचं पोपटी लुगडं

कुडाचीवाडी, तालुके शहापूर
वैशाख वद्य चतुर्थी, सन १९३८

धोंडीबाई विहीणबाईंना,

रामराम घातला तर तुमी घेणार नाय, म्हणून घालतच नाय. तेवढाच माझा वाचला.

जावईबापू, पत्र तुमीच वाचणार आन तुमची आय ऐकणार, म्हणून आधी तुमाला सांगते. आयला राग येईल असं काय आलं का तुमी खोकता आन तेवढं गिळून पुढं जाता, असं लखमा सांगत व्हता. सरपणाची गाडी घेऊन येतो आन तुमच्या ओटीवर चहा पीत बसतो, त्याला सगळं दिसतं. या टायमाला खोकू नका. एवढं एक पत्र पुरं वाचा. त्यात तुमच्या घरातल्या माणसांच्या जिवाचं हाय.

विहीणबाई, आमच्याकडं मरीआई आली हाय. पटकी. आधी वरच्या पाड्यात व्हती, त्यांनी गाडा काढून आमच्या शिवेवर सोडला, आता आमच्या खालच्या आळीत माणसं पडतात. दामू गेला, त्याची बायको गेली. उद्या आमची गावकी गाडा काढणार. तुमाला रीत ठाऊक हाय. गाड्यात आई बसवायची, दहीभात, खण, बांगड्या ठेवायच्या, ज्या घरात माणूस पडलं तिथली फडकी टाकायची, वाजवत न्यायचा. शिवेच्या डोहावर सोडायचा, फडकी डोहात, मग तिथंच अंघोळी, आन मागं वळून न बघता घरी. आमची शीव सरते तिथं तुमची लागते. आन वैशाखात विहिरी आटल्या का तुमच्या बायका त्याच डोहाच्या कडंला झिरे खणतात. माझी लेक पारू पण तिथंच घागर घेऊन जात असंल.

त्या झिऱ्याचं पाणी पिऊ नका. प्यायचं तर खळखळून उकळा. एवढंच पत्र. बाकीचं आता मला लिहावंसं वाटतं म्हणून लिहिते.

तालुक्यावरनं एक साहेब आलाय, चौबळ. छत्री एवढी मोठी का खाली माणूस हाय का नाय ते वाकून बघावं लागतं. पाटलाच्या ओटीवर बसून कोणी सांगायला येईल म्हणून वाट बघत नाय, स्वतः घरोघर जातो. मी विचारलं, "काय शोधताव साहेब?" तर म्हणाला, "आजारावर पाळत ठेवतोय, बाई." मी म्हटलं, पाळत चोरावर ठेवतात, नाय तर सुनेवर. आमच्या विहिणीला न्या, तिला शिकवावं लागणार नाय. हसला बिचारा. जावईबापू, खोकलात ना?

आधी त्यानं पटकी कशाला म्हणायचं ते ठरवलं. मला वाटलं, यात ठरवायचं काय. पण धाऊ पाटलाला विचारलं तर त्यानं कैऱ्या खाऊन पोट दुखणारी पोरं पण सांगितली, आन शेजारची जनाबाई म्हणाली, माझी म्हैस पण धरा, परवापासून रवंथ करत नाय. चौबळ म्हणाला, भाताच्या धुवणासारखे जुलाब, वांती, डोळे खोल, हातापायाला गोळे, तो आपला. बाकीचे आपले नाय. सगळ्यांनी एकालाच पटकी म्हटलं तरच मोजायला अर्थ. म्हैस राहिली, जनाबाई रुसली.

मग विचारतो, चांगली माणसं किती? मी म्हटलं, धडधाकटांना कशाला मोजता, त्यांना काय झालंय? तर म्हणतो, "चार घरांच्या पाड्यात चार पडले आन अख्ख्या गावात चार पडले, दोन्ही सारखं का, बाई?" विहीणबाई, मी त्याचं ऐकलं. तुमी मला कधी कोणाचं ऐकताना बघितली नाय, म्हणून सांगते.

त्याला घरं माहीत नव्हती. मी अंगणात राख घेऊन गाव काढून दिलं. ओहळ काढला, वरची आळी, खालची आळी, देवळाचा चौथरा, विहीर, आमचा डोह. चौबळानं चिंचोके मागितले. ज्या घरात पटकीचं माणूस, तिथं मी एक एक चिंचोका ठेवत गेले. आधी कोण पडलं, मग कोण, तसं तसं. बोलत व्हते, मस्करी करत व्हते. आन ठेवता ठेवता माझा हात थांबला.

वरच्या आळीत एक चिंचोका नाय. खालच्या आळीत डोहाच्या कडंनं ओळ लागलीवती, मुंग्या गुळाला लागतात तशी. विहिरीवर भरणारी घरं कोरडी. डोहावर भरणारी घरं चिंचोक्यांनी भरलेली. आन त्या ओळीचं पयलं टोक तिथं, जिथं वरच्या पाड्यानं गाडा सोडलावता.

मी जन्मभर या गावात राहिले. मरीआई येते म्हणजे काय ते ऐकलंय, आरडाओरडा ऐकलाय, माझ्या बापाला तिनंच नेला. पण ती चालते कुठनं ते कधी बघितलं नव्हतं. माझ्याच अंगणात, माझ्याच राखेत तिची वाट उमटलीवती. मला आपोआप हात जोडावेसे वाटले. कोणाला जोडले ते विचारू नका, मला पण ठाऊक नाय.

आन ती वाट पुढं ओहळानं खाली जाते. खाली तुमचं गाव.

गावकीला सांगायला गेले. धाऊ पाटील म्हणाला, "गोजर, तू चिंचोके खेळ, गाडा आमी बघतो." चौबळ औषध आणायला शहापूरला गेलाय. तुमचं गाव मुरबाडात पडतं, तुमचं काम दुसऱ्या साहेबाकडं. याचा कागद शहापूरला जाणार, तिथनं ठाण्याला, ठाण्यानं मुरबाडला. मरीआईला मधे फक्त एक ओहळ लागतो. म्हणून मीच लिहिते.

लुगड्याचं भांडण लुगड्यापाशी राहू द्या. पारूच्या लग्नात मी तुमाला दिलेलं पोपटी लुगडं तुमी मांडवात उन्हाकडं धरलंत आन म्हणालात, याची दुधाची गाळणी बरी होईल. दोन वर्सं लेक माहेरी धाडली नाय. नातीचं तोंड मी बघितलं नाय. ते सगळं उद्या भांडू. आज पाणी उकळा.

गोजर


वैशाख वद्य षष्ठी

विहीणबाई,

लखम्यानं तुमचा निरोप जसाच्या तसा दिला, आवाजासकट. "आधी आमच्या दारात पीडा ढकलायची आन मग वर कागद धाडून शहाणपण शिकवायचं." बरोबर हाय तुमचं. माझ्या दारात कोणी गाडा सोडला असता तर मी कागदाची सुरळी करून चूल पेटवली असती.

गाडा गेला. मी आडवी आले नाय. येऊ शकले नाय. झांजा ऐकल्या तेवढ्या.

पण पाणी उकळलंत का, ते लखमा सांगत नाय. म्हणतो, "मी ओटीवर बसलो, चुलीपाशी कसा बघू?" मी आले असते, पण चौबळानं सांगितलंय, पटकीच्या गावातलं माणूस दुसऱ्या गावात जाऊ नये. लखम्याला पण आता ओहळापल्याड सोडत नाय. तो अल्याड धोंड्याखाली पत्र ठेवील, जावईबापूंनी उचलून न्यावं.

चौबळ परत आला. डोहात, विहिरीत लाल पूड टाकली, पाणी जांभळं झालं. जनाबाई ओरडली, "आता हे प्यायचं का रंगपंचमी खेळायची?" पण तिचं अंगण मी दाखवलं राखेतलं, तिच्या दारातला चिंचोका दाखवला, तिच्या दिराचा. मग प्यायली.

आता ऐका, एक नवीन गोष्ट. चौबळानं पाटलाला सांगितलं, रोज सकाळी निरोप द्यायचा, कोण पडलं. पाटील म्हणाला, कोणी पडलं तर देईन. तर म्हणतो, "कोणी पडलं नाय तरी द्यायचा. कोणी नाय, असा." आमी सगळे हसलो. काय झालं नाय ते सांगायला माणूस धाडायचा. मी म्हटलं, साहेब, उद्या सांगाल आमच्याकडं वाघ आला नाय ते पण कळवा.

तो छत्रीवर हनुवटी टेकून म्हणाला, "बाई, निरोप आला नाय तर मी काय समजू? गाव बरं हाय, का निरोप देणारा पण पडला?"

ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यातनं जात नाय. दोन वर्सं तुमच्याकडनं काय आलं नाय. मी समजत व्हते, काय नाय म्हणजे पारू बरी असंल. मला काय ठाऊक? काय नाय म्हणजे काय नाय नसतं, विहीणबाई. काय नाय म्हणजे माहीत नाय.

म्हणून मागते. तुमच्या गावामागच्या टेकडीच्या माथ्यावर एक कळकाची काठी रोवा. आमच्या खळ्यातनं तो माथा दिसतो. आसनगावला टेसनात आगगाडीला झेंडी दाखवतात ती तुमी बघितलीय, आपल्या सोयऱ्यांतल्या चंदरच्या वऱ्हाडाला आपण दोघी तिथंच तर पयल्यांदा भांडलो. तसंच. गावात माणूस पडलं तर लाल फडकं. कोणी नाय तर हिरवं. लाल दिसलं तर चौबळ पूड घेऊन येईल. तालुका त्याचा नसंना का. मी विचारलंय. म्हणाला, "लाल दिसलं तर मला मुरबाडची शीव दिसणार नाय."

मला काय लिहू नका, बोलू नका. नुसती काठी.

गोजर

अक्षर वाकडं आलंय ते कागदाखालचा पाट हलतो म्हणून.


वैशाख वद्य नवमी

विहीणबाई,

माथा बोडका हाय. सकाळी बघते, दुपारी बघते, उतरत्या उन्हात बघते. काठी पण नाय.

मला बसवत नाय फार, म्हणून खाट खळ्यात टाकून घेतलीय, माथ्याकडं तोंड करून. आता लपवून काय उपयोग. अंगणातल्या त्या राखेत एक चिंचोका माझ्या दारात हाय. तुमाला पयलं पत्र लिहिलं त्याच दुपारी मला लागलं. गाडा गेला तेव्हा मी आत पडलीवती. आमच्या परसातली विहीर आटली, जनाबाईनं माया करून माझी घागर डोहावर भरून आणली, आन मी बया डोहाच्या गोष्टी साहेबाकडनं ऐकत तीच घागर पीत व्हते. माझा चिंचोका मी चौबळाला ठेवू दिला नाय, माझ्या हातानं ठेवला. तो म्हणाला, "बाई, तुमाला धरू ना?" मी म्हटलं, धुवणासारखे हायत, वांती हाय, गोळे हायत, तुमीच ठरवलंय, आता म्हशीसारखी मला पण वगळाल का?

मी बरी हाय. पेजेचं पाणी मीठ घालून जनाबाई पाजते, दर घोटाला मला शिव्या घालते. पारूला सांगू नका. आन सांगितलंत तर हे पण सांगा का मी बरी हाय.

पडल्या पडल्या एकच विचार येतो. आपल्याकडं सांगतात, आई सोडून येताना मागं बघायचं नाय. बघितलं तर ती मागं येते. आमचे बाप, आजे, कोणी बघितलं नाय. म्हणून कोणाला कधी कळलंच नाय का आपण सोडून आलो त्याचं पुढं झालं काय. आन हा छत्रीवाला एकटा मागं बघत चाललाय, पावलापावलाला, या घरात कधी, त्या घरात कधी, पाणी कुठलं. मला वाटलंवतं, सरकारी माणूस औषध देतो. औषध तर कोणी पण देईल. हा बघतो. बघणं एवढं मोठं काम असतं ते मला ठाऊक नव्हतं.

मी पण बघते. पण बघायला काय नाय.

विहीणबाई, तुमची जीत झाली म्हणा. लुगडं पातळ व्हतं. स्वस्तातलं व्हतं. घेताना मला ठाऊक व्हतं. काठी रोवा.

गोजर


वैशाख वद्य एकादशी

धोंडीबाई,

काल लाल दिसलं.

मी एकटीनं नाय बघितलं. जनाबाईनं बघितलं, तिनं धाऊ पाटलाला हाक मारली, तो धोतर सावरत आला. ज्यानं मला चिंचोके खेळ म्हणून सांगितलं तोच पाटील कपाळावर हात धरून त्या माथ्याकडं बघत उभा. एवढ्या लांब, ओहळापल्याड, झाडांच्या वर, नखाएवढा लाल ठिपका, आन तो आमच्याशी बोलत व्हता. तिथं कोणीतरी आजारी हाय आन आमाला इथं कळतंय. मला भीती वाटली आन तरी नजर काढवेना. मरीआईच्या आधी कोणीतरी पोचलं असं जन्मात पयल्यांदा झालं.

पाटलानं स्वतः चौबळाला आणला. तो तसाच गेला, पूड घेऊन, छत्री विसरून.

आज सकाळी ओहळाच्या काठानं तो अल्याड आला आन सांगितलं. काठी पारूनं रोवली, सासूला न विचारता. फडकं तिच्याच चोळीचं. आन पडलंय कोण, तर तुमी.

तुमी ना, गोजरीनं सांगितलं म्हणून मुद्दाम न उकळता प्यायलात? बाकीच्यांना पारू उकळून देत व्हती, तुमच्या नजरेआड, आन तुमी झिऱ्यावर जाऊन ओंजळीनं प्यायलात, असं चौबळ म्हणाला. मला एकदम हसू आलं आन मग जनाबाईला मला धरावं लागलं.

जावईबापू, हे तुमच्या आयच्या कानाशी जाऊन वाचा. जोरात.

धोंडीबाई, मरायचं नाय. मला नुकतं जमलंय, तुमाला न जमायला काय झालं. पेजेचं पाणी, मीठ, गुळाचा खडा. नको म्हणालात तरी पारू घालील, आमच्या घरची पोर हाय, ऐकायची नाय. माझ्याशी भांडायला या गावात आता कोणी राहिलं नाय, सगळे माझं ऐकायला लागलेत, पाटील सुद्धा. मला करमायचं नाय. तुमी मला लागता.

माझ्या अंगणातली राख मी तुमच्या गावापर्यंत वाढवलीय, ओहळाच्या खाली. तुमचं घर काढलं. तुमच्या दारात एक चिंचोका ठेवलाय. दुसरा ठेवायला लावू नका.

गोजर


ज्येष्ठ शुद्ध द्वितीया

विहीणबाई,

आज दिसलं.

मी खळ्यात उभी व्हते, आता उभं राहवतं. ऊन वर आलंवतं. माथ्यावर आधी काय दिसलं नाय, लाल पण नाय. मग वारा आला आन काठीवरनं काहीतरी उलगडलं. लांबच्या लांब. पोपटी.

फडकं मागितलंवतं, विहीणबाई. तुमी अख्खं लुगडं बांधलंत.

पातळ व्हतं म्हणूनच असं फुललं. जाड असतं तर काठीला लोंबकळत राहिलं असतं. ऊन आरपार येत व्हतं त्यातनं, भात पिकायच्या आधीच्या शेतासारखं. गाव गोळा झालं. वरच्या पाड्याची माणसं पण आली, त्यांनी पण आता काठी रोवलीय, आमच्याकडं तोंड करून. आमी पण रोवली. एका काठीवरनं दुसरी दिसते. पाटील म्हणतो, यंदा बायांनी सगळी लुगडी माथ्यावर चढवली, नेसायला काय ठेवलं. मी म्हटलं, तुमची धोतरं हायत.

चौबळ म्हणाला, लुगडं तुमी पेटीतनं काढून दिलंत, कडुनिंबाच्या पाल्यासकट, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. दुधाची गाळणी केली नव्हतीत मग. दोन वर्सं जपून ठेवलंत आन मला कळवलं नाय. बघा, तुमी कसली माहिती दाबून ठेवता ते.

राखेतला तुमच्या दारातला चिंचोका मी उचलला. माझ्या दारातला पण. दामूचा आन त्याच्या बायकोचा तिथंच हाय. पाऊस येईल, राख वाहून जाईल, तेव्हा जाईल. पण वाट मला आता पाठ झालीय.

पारूला पोरीसकट धाडा, चौबळ सोडील तेव्हा. नाय धाडलंत तर मीच येते, तुमच्या ओटीवर बसते, चहा मागते, आन जावईबापूंना खोकत बसावं लागेल. ते तुमी ठरवा.

पण पाया पडून एक मागते. पटकी गेली म्हणून काठी उपटू नका. सगळे बरे असाल, पोर खेळत असंल, सांगायसारखं काय घडलं नसंल, तरी सकाळी कोणीतरी माथ्यावर चढा आन हिरवं बांधा. आज काय नाय, एवढंच. मला रोज तेवढी बातमी लागते.

तुमची विहीण,
गोजर